वरची खूण

सून पिकअपखाली उताणी पडून गिअरबॉक्सच्या पोटाला पावडर फासत होती. पावडर साधी, लहान बाळाला लावायची. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून डबा घरात तसाच पडून होता, तो सकाळी निघताना तिने पिशवीत टाकला होता. तासभर खपून गिअरबॉक्सवरचा सगळा चिकटा तिने धुऊन काढला, हवा मारून कोरडा केला, आणि आता फडक्याच्या बोळ्याने ती पावडर थापत होती. निम्मी लोखंडावर बसत होती, निम्मी तिच्या भुवयांवर.

खालून तिला सासऱ्यांचे फक्त बूट दिसत होते. ते मघापासून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत येरझाऱ्या घालत होते.

"नटवून कुठे पाठवायचीय तिला?" वरून आवाज आला.

"तेल कुठून निघतंय ते बघायचंय, बाबा. पावडर जिथे भिजेल तिथून निघतंय."

"कुठून निघतंय ते आंधळ्यालाही दिसेल. मागच्या सिलातून निघतंय."

ते मागचे रबरी सील सासऱ्यांनी महिन्याभरात दोनदा बदलले होते आणि दोन्ही वेळा आठवडा उलटायच्या आत पिकअपखाली लाल तेलाचे ठिपके पुन्हा हजर झाले होते. गाडी ऑटोमॅटिक गिअरची, त्यामुळे तेल लाल आणि लपायची सोय नाही. काढलेली दोन्ही सिले सुनेने गुपचूप उजेडात धरून पाहिली होती. त्यांची कड नव्यासारखी शाबूत होती. पण हे सांगणार कोणाला? चाळीस वर्षे ज्यांनी नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखले, त्यांना?

आज तर ते गिअरबॉक्सच उतरवायला निघाले होते. साखळीची कप्पी टांगून तयार होती. सुनेला दुपारपर्यंतची मुदत मिळाली होती, आणि तीही दोनदा मागून. चार वर्षे ती या गॅरेजमध्ये होती. ब्रेक ती एकटी करायची, क्लच करायची, इंजिन उघडले की प्रत्येक भाग तिच्या हातून धुऊन निघायचा. मात्र दुखणे कुठे आहे हे ठरवायचे ते सासऱ्यांनी. तिने काही सुचवले की ते "बरं" म्हणत आणि आपल्याला हवे तेच करत. एकदा, फक्त एकदा, आपण सांगू ते दुखणे खरे निघावे, आणि ते सगळ्यांसमोर खरे निघावे, अशी तिची इच्छा होती. त्यात लाजण्यासारखे तिला काही वाटत नव्हते.

गाडीची मालकीण रोपवाटिका चालवायची. सगळे तिला झाडवाल्या बाई म्हणत. बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या, दवाखान्यात नातेवाईक बसतात तशा.

"मिस्त्री, सोमवारी मला चारशे रोपं पोचवायचीत. गिअरबॉक्स उघडलात तर गाडी होईल ना तोवर?"

"बघू," सासरे म्हणाले. त्यांच्या या 'बघू'चा अर्थ गॅरेजमध्ये सगळ्यांना ठाऊक होता.

सून गाडीखालून सरपटत बाहेर आली. "ताई, मागे मातीची पोती आहेत ना, ती राहू द्या. भरल्या गाडीनेच टेकडीवर जाऊन येऊ."

"उभ्या गाडीत बघ की," सासरे म्हणाले.

"उभ्या गाडीत गळतच नाही, बाबा. काल दोन तास चालू ठेवली होती, एक थेंब नाही."

सासऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्यांनी किल्ली दिली. टेकडीचा चढ तिने दोनदा चढवला, दुसऱ्यांदा मुद्दाम रेटून. बाई शेजारी बसून दाराची कडी घट्ट धरून होत्या आणि आपली गाडी इतकी पळते हे त्यांना नव्यानेच कळत होते.

परत येऊन तिने गाडी खड्ड्यावर घेतली आणि टॉर्च घेऊन खाली उतरली. सील पाहिले. खालच्या टोकाला लाल थेंब लोंबत होता. वरून सासऱ्यांनी वाकून तो पाहिला.

"काय म्हणालो मी?"

तिने टॉर्च तसाच धरून ठेवला. थेंब सिलावर होता खरा, पण सिलाभोवतीची पावडर सगळीकडे पांढरीशुभ्र होती. भिजली होती ती फक्त एक बारीक रेघ, आणि ती रेघ वरून खाली आलेली होती. तिने बोट न लावता त्या रेघेचा माग काढला. रेघ शेपटाकडून पुढे सरकली, बाजूने चढली आणि गिअरबॉक्सच्या माथ्यावर नाहीशी झाली. तिथे नजर पोचत नाही. तिने लांब दांड्याचा आरसा आत सरकवला.

माथ्यावर हवा सोडायची एक करंगळीएवढी नळी असते, ब्रीदर म्हणतात तिला. तिच्या टोपणाभोवती लाल फेस साचला होता.

"बाबा," ती म्हणाली, "खाली या जरा."

सासरे उतरले. आरशात त्यांनी पाहिले, डोळे बारीक करून पुन्हा पाहिले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिले. सिलातून काही निघत नव्हते. तेल वरून उतू जात होते आणि उताराने मागे येऊन सिलावर ठिबकत होते.

"हवेच्या नळीतून तेल कशाला येईल?" त्यांनी विचारले. चार वर्षांत त्यांनी तिला खरोखरचा असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता.

"जास्त झालं तर येईल."

इंजिन चालूच होते. वर येऊन तिने बॉनेटमधून तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली. पट्टीवर दोन खुणा होत्या, खालची थंड गाडीसाठी, वरची गरम गाडीसाठी. तेल वरच्या खुणेच्याही तीन बोटे वर होते.

"ताई, तुम्ही यात तेल घालता?"

"घालते म्हणजे? एक दिवस चुकवलेला नाही." बाई अभिमानाने उठून उभ्या राहिल्या. "सकाळी गाडी थंड असताना चालू करायची, पट्टी काढायची, वरच्या खुणेला टेकेपर्यंत तेल घालायचं. हात आखडता घ्यायचा नाही. गळायला लागल्यापासून तर मी जास्तच काळजी घेते."

ते कोणी शिकवले, हा प्रश्न सुनेच्या ओठांवर आला आणि तिथेच थांबला. 'हात आखडता घ्यायचा नाही' हे शब्द ती चार वर्षे रोज ऐकत होती. थंड गाडीत वरच्या खुणेपर्यंत भरलेले तेल गाडी तापली की फुगणार, फेसाळणार आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडणार. मग बाई सकाळी पुन्हा भरणार. ती पट्टी पुसत राहिली. पुसून झाली तरी पुसत राहिली.

सासरे कप्पीपाशी उभे होते. बराच वेळ त्यांनी साखळी हातात धरून ठेवली.

"बाई, तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं तुम्हाला. इंजिनाच्या तेलासारखंच हेही बघायचं, असं धरून चाललो. ही गाडी तशी नाही. माझं चुकलं."

त्यांनी साखळी काढून भिंतीवरच्या खिळ्याला लावली. मग सुनेकडे वळून म्हणाले, "किती काढायचं?"

"काढत काढत बघू. सव्वा लिटरच्या आसपास निघेल."

पट्टीच्या नळीतून, हातपंपाने, तिने तेल उपसले. पंपाचे दुसरे टोक सासऱ्यांनी डब्यात धरले होते, आणि ती "थांबा" म्हणाली तेव्हा ते थांबले. ब्रीदर साफ झाला, पावडरीचा नवा थर बसला आणि गाडी पुन्हा टेकडीवर गेली. या वेळी तिघेही गेले. सासरे मागे, मातीच्या पोत्यावर बसले होते.

परतल्यावर गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून तिघेही वाट पाहत बसले. अर्धा तास गेला, पाऊण गेला. पुठ्ठा कोरा. खाली उतरून पाहिले तर पावडर जशी थापली होती तशीच, कुठे रेघ नाही की डाग नाही. सुनेला इतका आनंद झाला की तो लपवायचा तिने प्रयत्नसुद्धा केला नाही. पांढऱ्या भुवयांनिशी ती खड्ड्यात उभी राहून मनमुराद हसली.

"म्हणजे नवीन काहीच बसवलं नाहीत?" बाईंचा विश्वास बसेना.

"एक नटसुद्धा ढिला केला नाही, ताई. सोमवारी खुशाल रोपं भरा. आणि तेलाची बाटली आठवडाभर माझ्याकडे ठेवून जा, नाहीतर तुम्हाला राहवणार नाही."

बाई हसत गाडी घेऊन गेल्या. सून हातपंप खोलून धुवायला बसली, कोपरापर्यंत लाल झाली. सासरे टेबलापाशी खुर्चीवर बसून ऑटोमॅटिक गाड्यांची गिऱ्हाइके बोटांवर मोजत होते. मग त्यांनी फोन उचलला.

"डॉक्टर, गॅरेजमधून बोलतोय. तुमच्या गाडीच्या गिअरचं तेल बघायला मी जे सांगितलं होतं ना, ते विसरा. हो, चूक सांगितलं होतं... आता कसं बघायचं?" ते थांबले. सांगायला त्यांनी तोंड उघडले, पण मिटून घेतले. "थांबा. ज्या माणसाला कळतं त्याच्याकडे देतो."

ते उठून तिच्यापाशी आले. तिचे हात तेलाने माखलेले, म्हणून त्यांनीच फोन तिच्या कानाशी धरला.

"बोला, डॉक्टर," ती म्हणाली. "आधी गाडी चांगली दहा किलोमीटर चालवून आणा. मग सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद करायचं नाही."

सासरे वाकून उभे होते, हात अवघडला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलावरची पेन्सिल ओढली आणि समोर पडलेल्या रिकाम्या खोक्यावर लिहायला लागले.

"जरा सावकाश," ते हळूच म्हणाले. "दहा किलोमीटर, सपाट जागा. पुढे?"