सोमवारची नळी

केतकी मॅडमनी कागद त्याच्याकडे फिरवला आणि एका आकड्याखाली पेन टेकवलं. निवृत्ती गजभारेला त्यातलं काही कळलं नाही. पण शेजारी त्याची सोळा वर्षांची पोर त्रिवेणी मान खाली घालून नखं कुरतडत होती, आणि एरवी त्याला 'भाई' म्हटल्याशिवाय न बोलणारे ज्यूडोचे कोच यादगिरी सर आज भिंतीकडे बघत होते. मामला साधा नाही, एवढं त्यानं ओळखलं.

मॅडम पुण्याच्या, अकादमीत खेळाडूंच्या तपासण्या बघणाऱ्या, बोलायला मऊ. त्या म्हणाल्या, "त्रिवेणीच्या लाळेत टेस्टोस्टेरॉन फारच जास्त आलंय. मुलींच्या अंगात ते असतं, पण थोडं. इतकं येतं ते बहुतेक बाहेरून घेतल्यावरच. कुणी गोळी, इंजेक्शन काही दिलं का तिला?"

तो आकडा कुणाचा, हे त्या खोलीत एकट्या निवृत्तीलाच ठाऊक होतं.

गोष्ट अशी. अंबरपेठच्या या ज्यूडो अकादमीत दर सोमवारी मुलांना उठल्याउठल्या, दात न घासता, पाणीही न पिता एका छोट्या नळीत थुंकावं लागे. मॅडम त्या थुंकीत दोन हार्मोन बघत, एक ताणाचं आणि एक ताकदीचं. ताणाचं चढलं आणि ताकदीचं उतरलं, की पोर सरावानं पिळून निघाली असं समजून तिला विश्रांती द्यायची. नळी बर्फाच्या डब्यातून पोचवायचं काम निवृत्तीचं. तो काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून. ड्यूटीला जाता जाता स्कूटरवरून देऊन जाई. सव्वीस वर्षांत सील तुटलेलं एकही खोकं आपण ताब्यात घेतलं नाही, हे तो पाहुण्यारावळ्यांना, त्यांनी न विचारताच, सांगत असे.

गेल्या महिन्यात त्रिवेणीचा कागद दोनदा वाईट आला होता. या सोमवारीही तसाच आला तर राज्याच्या निवड चाचणीला पाठवणार नाही, असं सर म्हणाले होते. सोमवारी पहाटे ती नळीत थुंकली, नळी फ्रीजरमध्ये ठेवून पुन्हा आडवी झाली. डोळ्यांखाली काळं, बोटांना पांढऱ्या टेपच्या पट्ट्या. निवृत्तीनं हिशेब केला. पोर दमलेली, तर तिची थुंकीही दमलेलीच येणार. आपण मात्र रात्री नऊला झोपलेलो, अंगात ना ताप ना ताण. आणि थुंकीत काय बाई आणि बाप्या असं असतं होय? त्यानं नळी मोरीत रिकामी केली, विसळली आणि तीत स्वतः थुंकला. माणूस त्रैराशिक मांडून गाढवपणा करतो, तो असा.

"पप्पा, तुमी बोला ना," त्रिवेणी म्हणाली. "मी कसम से काही नाही घेतलं. तुमाला तर सगळं माहिताय ना."

आत्ता बोलू, मग बोलू, असं पप्पांच्या मनात चाललं होतं, आणि तेवढ्यात सरांनी तिची बॅग मागितली.

"देखना पडता," सर हळूच म्हणाले. "मेरेकू भी अच्छा नै लगरा."

घामानं ओला ड्रेस निघाला. केसांचे रबर, टेपचं बंडल, डब्यात उरलेली अर्धी भाकरी. मग पॅडचं पाकीट निघालं तेव्हा सरांनीच नजर वळवली आणि त्रिवेणीनं ते ओढून पोटाशी धरलं. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असं निवृत्तीला वाटलं. आपल्याच पोरीची झडती तो मांडीवर हात ठेवून बघत बसला होता. नळीत थुंकल्याची नाही, या बसण्याची त्याला पुढं जन्मभर लाज वाटणार होती.

"माझी हाय ती थुंकी," तो शेवटी म्हणाला. "पोरीचं काय बी नाय. मी थुंकलो नळीत."

सर हसतील असं त्याला वाटलं. कोणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गजभारे, ही परीक्षा नव्हती हो," त्या म्हणाल्या. "तिचं शरीर मोडायला आलंय का, एवढंच बघत होतो आम्ही. ते सांगायची तिला हीच एक वाट होती. ती तुम्ही बुजवलीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅडमसमोर नवा नमुना घेतला. पोर खरोखरच पार थकलेली निघाली आणि चाचणी हुकली. त्याच्या बायकोनं, सुजातानं, दोन दिवस त्याला ताट वाढलं, पण शब्द वाढला नाही. त्रिवेणी मात्र पहिल्यासारखीच बोलत होती. पप्पा चहा घ्या, पप्पा माझा चार्जर कुठाय. निवृत्तीला वाटलं, पोर समजूतदार आहे, निभावलं.

सोमवार आला. तो आवरून फ्रीजरपाशी गेला. नळी नेहमीच्याच जागी, बर्फाच्या ट्रेशेजारी होती. तिच्या झाकणावरून बोटांचा पांढरा टेप तीन वेढे घट्ट गुंडाळलेला होता, आणि टेप संपतो तिथं, अर्धी टेपवर आणि अर्धी नळीवर, त्रिवेणीची सही होती. सील फोडलं तर कळावं म्हणून सही अशी आडवी करतात, हे ती लहान असताना त्यानंच तिला पार्सल ऑफिसात टेबलावर बसवून शिकवलं होतं.

त्यानं सवयीनं टेपवरून अंगठा फिरवला. सील शाबूत होतं. त्यानं नळी बर्फाच्या डब्यात ठेवली आणि स्कूटर काढली.