तीन हात रंगाखालचा झारा

मी झारा बोलतोय. कढईतला नव्हे. माझ्यात अर्धी बादली ओली वाळू मावते, मला छातीपर्यंत येणारा लोखंडी दांडा आहे आणि माझं काम समुद्राच्या काठावर चालतं. कुणीतरी धातू शोधणारं डिटेक्टर मशीन फिरवतो, ते कुंई करतं, मग मला वाळूत रोवतात, पायाने दाबतात आणि वर उचलून हलवतात. वाळू भोकांतून गळून जाते आणि हरवलेली वस्तू माझ्या पोटात उरते. बहुतेक वेळा ते बाटलीचं बूच असतं.

त्याआधी मी वॉशिंग मशीनचा ड्रम होतो. बारा वर्षं एका घराचे कपडे गरगरा फिरवले. माणसं खिशात काय काय विसरतात हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. मशीन बिघडलं, भंगारवाल्याकडे गेलं आणि तिथे एका वेल्डरने मला पाहिलं. वाकून टिचकी मारली.

"स्टील आहे," तो म्हणाला. "आणि भोकं आयती."

तो दादा. खरं तर तो ठिणगीचा दादा, पण घरात आईसुद्धा त्याला दादाच म्हणायची, मग मी वेगळं काय म्हणणार? ठिणगी हा त्याचा धाकटा भाऊ. शाळा आठवीत सोडलेला, दादाच्याच वर्कशॉपमध्ये ग्राइंडर मारणारा. हे नाव दादानेच ठेवलं होतं, कारण हा कशावरही पटकन पेटतो आणि विझेपर्यंत काहीतरी जाळून ठेवतो.

आयती भोकं बारीक निघाली. ओली वाळू त्यांत अडकून बसायची. मग दादाने मला अर्धा कापला आणि एकेक भोक करंगळी जाईल एवढं मोठं करायला घेतलं. ड्रमचं स्टील चिवट. मशीनच्या टोकाला लावायचे सहा ड्रिल मोडले.

"विकत आण की एखादा," ठिणगी म्हणाला.

"विकत आणला तर रविवारी मी काय करू? तुझं तोंड बघू?"

शेवटी त्याने माझ्या पाठीला दांडा जोडला. त्या जोडाबद्दल मला जरा फुशारकी मारू द्या. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक सरकलेली, सारख्या मापाची वेल्डिंग. वर्कशॉपमध्ये जोड बघून माणसं सांगतात हा कुणाचा हात आहे. दादाचा हात तर लांबूनही ओळखू यायचा.

पहिल्या रविवारी आम्ही तिघं दादाचं जुनं डिटेक्टर घेऊन वाळूवर गेलो. मशीन गप्प बसेना. दादा उभा राहील तिथे कुंई. ठिणगीचे डोळे मोठे झाले. "दादा, खाली जहाज आहे." दोघांनी मला आळीपाळीने चालवून मांडीभर खोल खड्डा केला. मशीन ओरडतंच होतं. अखेर उंच खुर्चीवरचा जीवरक्षक खाली उतरून आला, खड्ड्यात डोकावला आणि म्हणाला, "पायात काय घातलंय?"

दादाच्या पायात वर्कशॉपचे बूट होते. पुढे पोलादी टोपी असलेले. सगळा वेळ मशीन त्याचीच बोटं शोधत होतं. दोघं भाऊ त्या खड्ड्यात बसून इतके हसले की जीवरक्षकालाच त्यांना हात देऊन वर काढावं लागलं.

वर्षभराने ठिणगीचा पगार वाढला आणि त्याने दुकानातून नवा झारा आणला. मी त्याला साहेब म्हणायचो. खोटं कशाला बोलू, तो माझ्याहून बरा होता. वजन निम्मं, भोकं मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनी, दांडा असा बेताचा की पाठ वाकवायला नको. दोन हिसक्यांत त्याची वाळू गळायची. मला पाच लागायचे. अंगावर वॉरंटीचा कागद चिकटवलेला. मला कुठली वॉरंटी? फार तर दादाला शिव्या घालता आल्या असत्या.

"तुझं ते कपडे धुवायचं भंगार घरी ठेव," ठिणगी म्हणायचा.

"साहेबाला एकदा शिंपल्यांच्या थरात घाल," दादा म्हणायचा. "मग बोल."

त्यानंतर एका मंगळवारी दादा कामावरून आला, छातीत जड वाटतंय म्हणाला, पाणी मागितलं. आईने आणलेलं पाणी तसंच राहिलं. तो एकतीस वर्षांचा होता. याहून जास्त मला सांगता येत नाही.

पुढे आई शिलाई मशीनवर कपडे शिवायची, ठिणगी कामावर जायचा आणि यायचा. मी दाराआड उभा होतो. दोन महिन्यांनी त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. दादाच्या जोडावर तांबूस गंज चढायला लागला होता. ठिणगी तसाच बाहेर पळाला, होडीला फासतात त्या लुकणासारख्या घट्ट रंगाचा डबा घेऊन आला आणि मला रंगवायला बसला. एक हात, दोन हात, तीन हात. जोडावर मारला, दांड्यावर मारला आणि ब्रश हातात होता म्हणून मलाही आतून बाहेरून माखलं. रंग दगडासारखा वाळल्यावर मला भिंतीवर, दादाच्या फोटोशेजारी, खिळ्याला टांगलं.

त्याला दादाचा हात जपायचा होता, हे मला कळत होतं. पण माझी सगळी भोकं बुजली होती. आता आपण पुन्हा वाळू बघणार की जन्मभर भिंत सांभाळणार, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता.

दीड महिना भिंत सांभाळली. मग एका दुपारी जीवरक्षक दारात आला. सोबत एक आजोबा होते, तोंडावर रुमाल धरलेले.

"यांची कवळी पाण्यात गेली," जीवरक्षक म्हणाला. "लाटेत शिंकले. आत धातूची पट्टी आहे, म्हणजे मशीन बोलेल. परवा यांच्या नातीचं लग्न आहे."

"भाफण करायचंय मला," आजोबा रुमालाआडून म्हणाले.

दादा गेल्यापासून ठिणगी समुद्राकडे फिरकला नव्हता. तो नाही म्हणणार होता, पण आईने शिवण थांबवून त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने साहेबाला उचललं.

तासाभरात परत आला, घामाघूम. कवळी गुडघाभर पाण्यात होती, मशीन बरोबर एकाच जागी बोलत होतं. पण खाली शिंपल्यांचा घट्ट थर, आणि त्यावर साहेबाची कड दुमडली. त्याने खिळ्यावरून मला ओढलं आणि पळत सुटला.

काय सांगू. मी त्या थरात लोण्यात सुरी जावी तसा गेलो. पण वर येताना माझ्यात वाळू, पाणी, शिंपले सगळं गच्च, आणि एक थेंब गळेना. ठिणगीने मला हलवलं, बडवलं. पाणी हिंदकळून तोंडावर आलं. पुढची लाट आली आणि सगळं पुन्हा समुद्रात. चार वेळा असंच. मग भरती चढली.

"उद्या सकाळची ओहोटी," जीवरक्षक म्हणाला. "आणि ती बादली नको आणूस."

घरी ठिणगीने मला ओट्याशी आपटलं. मी उपडा झालो, आतलं उरलेलं पाणी आईच्या पायावर गेलं. आईने मला उचलून उजेडात धरलं. आरपार काहीच दिसेना.

"अरे," ती म्हणाली, "त्याने सहा ड्रिल मोडले या भोकांसाठी. आणि तू बुजवलीस?"

"जोड गंजत होता."

"मग जोडाला मारायचास रंग. अख्खी बादली कुणी सांगितली होती?"

आणि आईला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेना. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत होते. ठिणगी आधी चिडून बघत राहिला, मग तोही हसला, आणि हसता हसता रडला, आणि आईने त्याला रडू दिलं.

मग त्याने दादाचं ड्रिल मशीन काढलं. आईने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि त्याने एकेक भोक मोकळं केलं. दिवेलागणीपासून जेवणापर्यंत. हात नीट बसेना. काही भोकं अंडाकृती झाली, एक तर अंगठा जाईल एवढं मोठं. दोन ड्रिल मोडले. "चार कमी," आई म्हणाली.

सकाळी पाणी ओसरलं होतं. मशीन बोललं, ठिणगीने मला रोवलं, सगळा भार देऊन दाबलं आणि उचललं. वाळू गळाली, पाणी गळालं, शिंपले उरले, आणि शिंपल्यांमध्ये कवळी. मोठ्या भोकाच्या अगदी कडेला. ठिणगीने झडप घातली.

आजोबांनी ती समुद्राच्याच पाण्यात विसळून तोंडात बसवली. जीवरक्षकाने मान फिरवली.

"खारट आहे," आजोबा अगदी स्वच्छ म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुठल्या कंपनीचा?"

"भावाने केलाय," ठिणगी म्हणाला. दादा गेला त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच त्याने बाहेरच्या माणसासमोर दादाचं नाव काढलं होतं.

आता मी दर रविवारी जातो. साहेबही येतो, त्याची कड ठिणगीने ठोकून सरळ केली आहे. कोरड्या वाळूत तो, शिंपल्यांत मी. आमचं पटतं. माझा रंग जागोजाग उडाला आहे आणि मी एखाद्या खरूज झालेल्या म्हशीसारखा दिसतो. परत आलो की ठिणगी मला गोड्या पाण्याने धुतो आणि जोडावर तेलाची चिंधी फिरवतो. गंज तरीही थोडा थोडा येतो.

तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी टांगलेलं असेल तर खाली काढा. धुवा, पुसा, कामाला लावा. झिजू द्या.

हा जोड एक दिवस सुटेल, मला माहीत आहे. ठिणगीलाही माहीत आहे. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो वेल्डिंगची कांडी धरून भंगार पत्र्यावर रोज एक रेघ मारून बघतो. कालची रेघ सुरवातीला सापासारखी वळवळली, पण शेवटची बोटभर सरळ आली. मला घाई नाही.

ओहोटी लागली. ठिणगी मला घ्यायला दारात आलाय. निघतो.