पाण्यात पाहणाऱ्या बाई

"जपून. उजव्या हाताला बादली आहे," बाई अंधारातून म्हणाल्या.

तोवर कुलसचिवांचा पाय बादलीत गेला होता. भर दुपारी बारा वाजता एवढा मिट्ट काळोख असेल, अशी त्यांची कल्पना नव्हती. प्राणिशास्त्र विभागाच्या तळघरातल्या या खोलीत दिवे उलटे चालत. बाहेर उजाडलं की आत रात्र, बाहेर अंधारलं की आत लख्ख दिवस. बाई माशांच्या झोपेचा अभ्यास करत. माशांचीही झोप व्हावी आणि बाईंचीही, म्हणून हा तोडगा होता.

"हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय."

"कुणाचा?"

"तिसऱ्या टाकीतल्याचा."

मंद तांबड्या उजेडात बोटाच्या पेराएवढा एक मासा टक्क उघड्या डोळ्यांनी कुलसचिवांकडे बघत होता. माशांना पापण्या नसतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मॅडम, तुम्हाला कुलगुरू नेमलंय," ते कुजबुजले.

बाईंनी घड्याळ बघून वहीत आकडा लिहिला. मग म्हणाल्या, "काय?"

झालं होतं असं की त्या खुर्चीवर दोन विभागप्रमुखांचा डोळा होता, आणि दोघं एकमेकांना इतके पाण्यात पाहत होते की एकाला नेमलं तर दुसरा विद्यापीठ पेटवील अशी चिन्हं होती. तिसरं नाव शोधताना निवड समितीत कुणीतरी म्हणालं, पाण्यातच पाहायचं तर मासेबाई काय वाईट? सगळे हसले, आणि हसता हसता नाव ठरलं.

"अहो, मला माशांशिवाय कुणाशी बोलता येत नाही," बाईंनी घरी नवऱ्याला सांगितलं. ते शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ होते.

"मासे तरी कुठे बोलतात? ऐकायचंच काम आहे ते. तुला जमेल," ते म्हणाले.

आणि खरंच जमलं. बैठकांच्या लांबलचक दालनात, पडद्यांतून गाळून येणाऱ्या हिरवट उजेडात, बाई लांब टेबलाच्या टोकाशी बसत. आवाज दुरून, पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत. कोण रागाने फुगलाय, कोण घाबरून कोपऱ्यात गेलाय, कोण उघड्या डोळ्यांनी झोपलाय, सगळं त्यांना दिसे. त्या मध्ये बोलत नसत. माणसं भांडून भांडून दमत आणि गप्प होत. मग बाई दोन वाक्यांत निकाल देत. "बाई ताकास तूर लागू देत नाहीत," लोक म्हणत. खरं तर बाई फक्त वाट बघत होत्या. तीस वर्षं दुसरं काही केलंच नव्हतं.

तळघरात आधी त्या रोज जात. मग शनिवारी. मग महिन्यातून एकदा, तेही उभ्या उभ्या.

खोली आता चिमणीच्या हातात होती. चिमणी ही त्यांची विद्यार्थिनी. आवाज बारीक म्हणून हे नाव पडलं, ते ती प्राध्यापक झाली तरी सुटलं नाही. एकट्या माशाला घोळक्यातल्या माशासारखी झोप लागते का, हा प्रश्न बाईंचा. पण खुर्ची आल्यावर, लेकीला अंगावरचा दागिना काढून द्यावा तसा तो त्यांनी चिमणीला दिला होता. चिमणीने ऐंशी मासे अंड्यातून निघाल्या दिवसापासून ऐंशी टाक्यांत एकेकटे वाढवले होते. टाक्यांच्या मधे काळा कागद, म्हणजे एकाला दुसरा दिसू नये. तीन वर्षं. काका म्हणून जुने मदतनीस होते, ते प्रत्येकाला वेगळ्या चमच्याने खाणं घालत.

पाचव्या वर्षी धरण आटलं. वसतिगृहांत दिवसाला एक तास पाणी येऊ लागलं. मुली बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहून वर्गात उशिरा येत, आणि त्यांना कुणी रागावत नसे. कुलसचिव एक आदेश सहीला घेऊन आले. सगळ्या प्रयोगशाळांचं वाहतं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपासून बंद, ते वसतिगृहांना. खाली एक ओळ होती : तळघरातली मासेखोली वगळून.

"हे कुणी घातलं?"

"आपलं… समजूनच घातलंय, मॅडम. तुमची खोली."

बाईंनी विचारलं, "तिथे रोज किती पाणी जातं?"

"वसतिगृहाच्या एका मजल्याला पुरेल एवढं."

बाईंनी ती ओळ खोडली आणि सही केली. घरी जाताना त्यांना हलकं हलकं वाटत होतं. पाण्याचे रिकामे पिंप घेऊन निघालेल्या गाड्या, धुळीने पांढरी झालेली झाडं, सगळं स्वप्नातल्यासारखं बाजूने सरकत होतं. आपलं होतं ते आपण देऊन टाकलं, असं त्या मनाशी म्हणाल्या.

सकाळी चिमणी शिपायाला न जुमानता थेट आत आली.

"मॅडम, तुम्ही त्याग केलात म्हणे. आवारभर बोलबाला आहे."

"बस ना."

"कुणाचा केलात? पाच वर्षांत तुम्ही तिथे किती वेळा आलात? ते मासे माझे आहेत. मला नळ बंद झाल्यावर कळलं."

"चिमणे, मुलींना प्यायला पाणी नाही गं."

"ते मला कळत नाही का? मीपण हेच केलं असतं!" तिचा बारीक आवाज फाटला. "पण मला विचारून. दोन दिवस आधी एक फोन केला असता, तर मी निम्मे तरी दुसरीकडे हलवले असते."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी वाट बघितली नाही. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बाह्या वर केल्या आणि चिमणीच्या मागोमाग तळघरात उतरल्या.

सकाळपासून त्या, चिमणी आणि काका मासे हलवत होते. बरण्या, डबे, घंगाळी, जे मिळेल ते. शिपायांनी घरी नेले, कारकुनांनी नेले, कुलगुरूंच्या जेवणाच्या टेबलावर अकरा बरण्या आल्या आणि भूगोलाचे मास्तर ताट मांडीवर घेऊन जेवले. तरी भांडी पुरेनात. टाक्यांतलं पाणी बिघडत चाललं होतं. मेलेले मासे काका ओल्या वर्तमानपत्रावर एका ओळीत मांडून ठेवत, प्रत्येकाच्या शेजारी त्याच्या टाकीचा नंबर.

दुपारी सव्वीस मासे उरले आणि एकच बादली.

"टाका," चिमणी म्हणाली.

बाईंनी जाळी उलटी केली. जन्मात दुसरा मासा न पाहिलेले ते सव्वीस जीव एका पाण्यात आले, आणि तीन वर्षांचा प्रयोग तिथेच संपला. आधी ते बादलीच्या कडेकडेने वेड्यासारखे फिरले. मग हळूहळू एकेक करून मध्यभागी आले. एकमेकांना अंग लावून थांबले. पर मंदावले, शेपट्या खाली झुकल्या. चिमणीने बादलीवर टिचकी मारली. एकही हलला नाही; सगळे गाढ झोपले होते.

दोघी गुडघ्यांवर बसून कितीतरी वेळ बघत राहिल्या. वही दोघींच्याही हाताशी होती. कुणी काही लिहिलं नाही.

त्या वर्षअखेरीला चिमणी दुसऱ्या गावच्या विद्यापीठात गेली. तिचा राजीनामा रीतीप्रमाणे बाईंच्याच टेबलावर आला, आणि बाईंनी त्यावर सही केली.

पुढे धरण भरलं, बाईंची कुलगुरूपदाची मुदतही संपली. निरोपाच्या सभेत प्रत्येक वक्त्याने पाण्याच्या त्या आदेशाचं कौतुक केलं. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या तळघरात गेल्या. तिथे मोडकी बाकं रचून ठेवली होती आणि दिवसाढवळ्या दिवा जळत होता.

घरी त्यांचे दिवस सरेनात. पहाटे चारलाच जाग यायची. एकदा चहा पिताना नवरा म्हणाला, "चिमणीकडे जाऊन ये."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"तोंड कशाला दिसतंय? तिच्या खोलीत अंधारच असणार की."

बाईंना हसू आलं, आणि त्याच आठवड्यात त्यांनी बस पकडली. दोन तासांचा रस्ता. चिमणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, खिडक्यांना जाड काळे पडदे. तिच्या केसांत पांढरी बट आली होती.

"मॅडम? कुठल्या समितीतर्फे आलात?"

"समिती नाही गं. बसायला जागा आहे का, एवढं विचारायला आले."

चिमणी पाठ फिरवून एका पंपाची नळी सारखी करू लागली.

"आता सगळं कॅमेरे मोजतात," ती म्हणाली. "माणूस लागत नाही."

"कॅमेरा चुकत नाही कधी?"

"चुकतो. स्वस्थ बसलेल्यालासुद्धा झोपलेला धरतो." तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "मंगळवारी आणि शुक्रवारी या. स्टूल आहे एक, पण त्याला पाठ नाही."

"चालेल."

तेव्हापासून बाई आठवड्यातून दोनदा जाऊ लागल्या. कॅमेऱ्याने झोपलेला ठरवलेला मासा खरंच झोपलाय का, ते बघायचं आणि तक्त्यात खूण करायची. चिमणी जुजबी बोले. त्या गोष्टीचा विषय दोघींनी काढला नाही.

एका शुक्रवारी पहिल्या वर्षाचा वर्ग खोली पाहायला आला. चाचपडत, हसत, एकमेकांच्या पायांवर पाय देत मुलं आत शिरली आणि काळोखात आपोआप गप्प झाली. चिमणी एकेक टाकी दाखवत पुढे निघाली. तिच्याजवळच्या एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, त्या कोपऱ्यात बसलेल्या कोण?"

चिमणीने तिकडे पाहिलं. तांबड्या उजेडात बाईंची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती.

"त्या होय?" ती म्हणाली. "त्या मासे बघतात."

बाईंनी मान वर केली नाही. फक्त स्टुलावर थोडं सरकून त्यांनी अर्धी जागा मोकळी केली, आणि ती मुलगी जवळ येऊन टेकल्यावर काचेकडे बोट दाखवून हलक्या आवाजात म्हणाल्या, "डोळ्यांकडे बघू नकोस. शेपटीकडे बघ."