बिनकल्हईचा टोप

"चाचा, घासके साफ करो, पर कल्हई मत लगाव," गर्ट्रूड काकी कल्हईवाल्याला सांगत होती, आणि मी दप्तरासकट अंगणातच थबकले. जानेवारी २००७, लग्नांचे दिवस. आणि हा तिचा मोठा तांब्याचा टोप! उत्तनमधल्या कितीतरी लग्नांचं जेवण त्यात शिजलंय. कल्हई जराशी उडाली तरी काकी त्यात रांधायची नाही, एवढी कडक.

"काकी, बिनकल्हईचा टोप कशाला गं?"

"काकाची पेज रांधीन. चिंच टाकीन वरनं. तांबं चांगलं उतरंल."

सकाळी शाळेत जाण्याआधी मीच मोठ्ठ्यानं पेपरातली बातमी वाचून दाखवली होती: तांब्याच्या संयुगांनी प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या. व्हिन्सेंट काकाचा पोटाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय. मी वाचत होते तेव्हा काकीचा भाकरीवरचा हात थांबला होता. मला वाटलं, किती छान वाचतेय मी!

मी दप्तर टाकलं आणि वर्गात बोलते तशी सुरूच झाले. "अगं, नुसतं तांबं वेगळं, संयुग वेगळं! चिंचेनं उतरतं ते विषच. उलट्या होऊन काका आणखी खंगेल."

"बच्ची सही बोलती है, आंटी," कल्हईवाला म्हणाला.

काकीला पटलं. लगेच पटलं, आणि ती माझ्याकडे वळली. "मंग तुजं ते संयुग कुठं मिलतं? भायंदरला? का मुंबईला जावं लागंल?"

"मिळत नाही गं अजून. काचेच्या बशीत पेशींवर करून बघितलंय फक्त. मग उंदरांवर करतील, मग माणसांवर. खूप वर्षं लागतात."

"उंदरांना आदी?"

"हो."

"आन काकाला?"

मी टाकलेलं दप्तर उचलून पुन्हा खांद्याला लावलं.

"लगाव बाबा कल्हई," काकी म्हणाली.

"केली!" आतून काकानं मला नावानं हाक मारली. मी आत गेले. त्यानं सगळं ऐकलं होतं. खाटेवर उशीला टेकून तो बारीक हसला. "तुजी काकी मला टोपात उकलणार व्हती काय?"

मला हसूही येईना.

"पेपर हाय ना? त्या पेशी मेल्या ना, तेवडंच वाच. फुडचं नको."

मी वाचलं. 'मेल्या'पर्यंत आले आणि थांबले. काकी कधी दारात येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"आनकी एकदा," ती म्हणाली.

खालच्या ओळींवर अंगठा दाबून मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.