कोटाचं अस्तर

होबर्ट गेला तेव्हा नेड्रा कॉम्ब्जच्या वाट्याला तीन गोष्टी आल्या. डोंगराच्या खोऱ्यातलं घर, चढावर खोकणारा ट्रक आणि मुठीत मावेल एवढं पिस्तूल. नवरा जिवंत असताना ती त्या पिस्तुलाला खेळणं म्हणायची. आता ते खेळणं तिच्या ॲप्रनच्या खिशात असायचं, पण रिकामं. होबर्टने कधीकाळी आणून ठेवलेल्या गोळ्यांवर हिरवा गंज चढला होता.

नव्या गोळ्या हव्या होत्या त्या पोटच्या पोरासाठी. हे वाक्य तिने मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं. पोराची, केंडलची, खाणीत पाठ मोडली, मग डॉक्टरच्या औषधाची चटक लागली, मग औषधाहून स्वस्त मिळणाऱ्या पुडीची. नोव्हेंबरात त्याने तिचं मनगट पिरगाळून मोडलं आणि बापाचं घड्याळ घेऊन गेला. कोर्टाने कागद काढला की त्याने आईच्या घराजवळ फिरकायचं नाही. कागद घेऊन आलेला शेरीफचा डेप्युटी सरळ माणूस होता. म्हणाला, "बाई, कागद उत्तम आहे. पण तुमच्या खोऱ्यात पोचायला आम्हाला पाऊण तास लागतो."

म्हणून ती व्हर्लिन टॅकेटच्या दुकानात आली. अर्ध्या दुकानात बंदुका, अर्ध्यात मासेमारीचे गळ आणि गांडुळं. व्हर्लिन होबर्टचा शाळासोबती. हीटरजवळच्या स्टुलावर म्हातारा ओडेल बसलेला. तो गिऱ्हाईकही नव्हता आणि नोकरही नव्हता, नुसता असायचा.

"कशासाठी हव्यात, वहिनी?" व्हर्लिनने विचारलं. "अस्वल की चोर?"

"दोन पायांचं आहे."

ओडेलने पिस्तुलाकडे मान लांब करून पाहिलं. "पाव इंचाची गोळी? त्यापेक्षा पिस्तूलच फेकून मारा. जास्त लागेल."

"तू बोलूच नकोस," व्हर्लिन म्हणाला. "हरणावर सात गोळ्या झाडल्यास आणि शेवटी ते तुझ्याच ट्रकखाली येऊन मेलं."

"मेलं ना पण?"

व्हर्लिनने काउंटरवर दोन डब्या मांडल्या. एकीत गोल, भरीव तोंडाच्या गोळ्या. दुसरीत तोंडाला खळगा असलेल्या, पोकळ. "ही पोकळ गोळी लागल्यावर फुलते. मोठ्या पिस्तुलात हीच घ्या म्हणेन. पण ह्या पिटुकल्याच्या गोळीत मुळात दम किती? फुलायचं आणि आतही जायचं, दोन्ही तिला जमत नाही."

"खोटं आहे," ओडेल म्हणाला. "मी पाण्याच्या कॅनवर जीन्सच्या चार घड्या टाकून झाडून बघितलंय. खळग्यात कापड बसलं की पोकळ गोळी फुलतच नाही. भरीव होऊन सरळ आत."

"तुझ्या जीन्सची तर चाळण झालीय. त्यातून वाटाणासुद्धा जाईल." व्हर्लिन नेड्राकडे वळला. "वहिनी, माणूस अंगात काय घालतो? जानेवारी आहे, म्हणून विचारतो."

नेड्रा आयुष्यभर गोधड्या शिवत आलेली. कापडाबद्दल विचारलं की तिला मोघम उत्तर देता येत नसे.

"तपकिरी कॅनव्हासचा कोट," ती म्हणाली. "आत गोधडीचं अस्तर. कापसाचे दोन थर. खांद्याला तीन, तिथे वारा लागतो म्हणून. टाके पाव पाव इंचावर."

व्हर्लिनचा हात डबीवरच थांबला. तो कोट अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होता. पाच ख्रिसमसमागे तिने तो केंडलला दिला, तेव्हा चर्चच्या पायरीवर बायकांनी अस्तर उलटून उलटून पाहिलं होतं. व्हर्लिन स्वतः म्हणाला होता, वहिनी, मलाही असाच एक करून द्या. ओडेल हीटरकडे बघायला लागला.

"मग भरीवच घ्या," व्हर्लिन हळू आवाजात म्हणाला. "पोकळ घेतलीत तर एवढ्या कापसात तिचा जीव तिथेच जाईल. शिवाय ह्या जुन्या पिस्तुलांच्या घशात ती अडकते."

"अडकते?"

"दहातून दोनदा तरी."

नेड्राने पोकळ गोळ्यांची डबी उचलली.

"वहिनी, मी काय सांगतोय..."

"ऐकलं मी."

"आणि माझं खरं निघालं तर?" ओडेलने विचारलं. या खेपेस तो चेष्टा करत नव्हता.

"मागच्या टेकाडावर चार झाडून तरी बघा," व्हर्लिन म्हणाला.

"मनगट अजून धड नाही," ती म्हणाली आणि निघाली.

गुरुवारी भर दुपारी मक्याची भाकरी ओव्हनमध्ये होती, तेव्हा खालच्या वळणावर केंडल पायी येताना दिसला. तिने आधी शेरीफच्या कचेरीत फोन केला. पाऊण तास, पलीकडची मुलगी म्हणाली, रस्त्यावर बर्फ नसेल तर. मग नेड्राने दाराची कडी पाहिली आणि हात खिशात घातला.

तो ओसरीवर चढला. अंगात अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, शाळेच्या फुटबॉल संघाचा. धुऊन धुऊन त्याची पार जाळी झालेली.

"कोट कुठाय?" तिने काचेआडून विचारलं.

"विकला. पेट्रोल पंपावर एकाला. अस्तर बघूनच भुलला तो."

एक अख्खा हिवाळा घातला होता तिने त्या अस्तरात. दुकानात उभं राहून सगळ्याचा विचार केला, पण तो कोट पोराच्या अंगात नसेल, हे काही सुचलं नव्हतं.

"दार उघड, आई. गारठलोय."

"कागदात काय लिहिलंय?"

"कागद गेला चुलीत. उघड, नाहीतर काच फोडतो." हे त्याने ताटात अजून थोडं वाढ म्हणावं अशा आवाजात म्हटलं आणि भिंतीला टेकवलेलं बर्फाचं फावडं हातात घेतलं.

नेड्रा आतल्या कपाटाकडे गेली. होबर्टचा शिकारीचा कोट तिथेच लटकत होता. त्याचंही अस्तर तिच्याच हातचं, त्याहूनही जाड. स्वयंपाकघराची खिडकी वीतभर वर करून तिने तो बाहेर ढकलला.

"घाल."

"आधी दार..."

"आधी कोट घाल. बटणं लाव. वरचंही."

फावडं मांडीशी टेकवून छत्तीस वर्षांच्या माणसाने कोट चढवला. शाळेच्या बससाठी उभं राहताना शिकवलं होतं तसं त्याने गळ्यापर्यंत एकेक बटण लावलं. मग पुन्हा फावडं हातात घेतलं.

तिने खिशातून पोकळ गोळ्या भरलेलं पिस्तूल काढलं आणि दुखरा हात खालून आधाराला धरून, दोन्ही हातांनी, तिसऱ्या बटणावर रोखलं. व्हर्लिनचं म्हणणं आठवलं, कापसातच गोळीचा जीव जाईल, मग ओडेलचं, सरळ आत. दोघांतलं खरं कुणाचं, हे तिला माहीत नव्हतं.

"आता बोल," ती म्हणाली.