वीस तारखेचं स्पेलिंग

शनिवारची सकाळची शाळा सुटली की सृष्टीचं अंगण भरायचं. नववीतल्या या पोरीनं दाराशेजारच्या भिंतीला काळा रंग फासून फळा केला होता. गल्लीतली दहा-बारा चिल्लीपिल्ली त्याच्यापुढं मांडी घालून बसत. त्या दिवशी धडा होता इंग्रजी शब्दांना शेपट्या लावण्याचा.

“वायच्या आधी व्यंजन असलं की वायनं उठायचं, आयला जागा द्यायची. क्रायचं क्राइड. आधी स्वर असंल तर वाय हालत न्हाई. प्लेचं प्लेड. कळलं का?”

“पण ताई, वायनंच का उठायचं?” एका चिमुरडीनं विचारलं.

“नियम हाय म्हणून,” सृष्टी म्हणाली. हे उत्तर तिनं व्यंकटराव सरांकडून उचललं होतं, बाकी सगळं उचललं होतं तसंच.

चारठाण्याच्या अलीकडच्या या गावात व्यंकटराव सरांचा शब्द खाली पडत नसे. हायस्कुलात ते इंग्रजी शिकवत आणि वर्षभरापासून मुख्याध्यापकाचा कारभारही त्यांच्याकडंच होता. दर सव्वीस जानेवारीला ते मुलींकडून बालविवाहाविरुद्ध शपथ म्हणवून घेत आणि गाव टाळ्या वाजवी. टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे त्याच उन्हाळ्यात आपल्या पोरी उजवून मोकळे होत, पण ते असो. सृष्टीवर सरांचा भारी जीव. “तू मास्तरीण होणार बघ,” असं ते भर वर्गात म्हणत, आणि पोरीनं ते मनावर घेतलं होतं.

पोरं पांगली तेवढ्यात तिचे वडील रामप्रसाद शाळेतून आले. ऊसतोडीहून परतून त्यांना महिना झाला होता. त्यांनी खिशातून घडी काढली.

“बाई, ह्यावर तुझं नाव बरोबर हाय का बघ. इंग्रजीत लिवलंय. एक अक्षर चुकलं तर गंगाखेडहून माघारी लावतेत.”

“कशाचं हाय, दादा?”

“हाय एका योजनेचं. तू नाव बघ.”

घरात इंग्रजी वाचणारी ती एकटीच. दोरी नीट वळलीय का, हे जिच्या गळ्यात पडायची तिलाच बघायला सांगणारा हा बाप निर्दयी नव्हता. त्याला वाचून दाखवणारं दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

शाळेचं बोनाफाईड होतं. नाव बरोबर होतं. खाली जन्मतारीख अक्षरांत होती: ट्वेंटिएथ जून, टू थाउजंड सिक्स. सृष्टीचा जन्म दोन हजार अकराचा. कागदानं तिला एका दमात पाच वर्षांनी मोठी केली होती. शाळेतल्या जीवन कारकुनाची चूक असणार, असं तिला आधी वाटलं. मग तिची नजर ‘ट्वेंटिएथ’वर गेली आणि तिथंच अडकली. जीवन कारकुनाला हा शब्द जन्मात बरोबर लिहिता आला नव्हता. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या कागदावर त्यानं वाय तसाच ठेवून पुढं शेपूट चिकटवलं होतं आणि सरांनी हसत हसत ते सृष्टीला दाखवलं होतं. या कागदावर मात्र वाय उठला होता, आय बसला होता आणि आयवर टिंबाऐवजी बारीकसा गोल होता. असा गोल गावात एकच माणूस काढायचा.

“दादा, हे सरांनी लिवलं?”

रामप्रसादांनी कागद परत घ्यायला हात पुढं केला. चुलीपासून तिची आई केशरबाई उठून आल्या.

“सांगा की तिला. किती दिवस झाकायचं?”

मग सगळं बाहेर पडलं. अक्षयतृतीयेला गंगाखेडात सामुदायिक विवाह होते आणि तिथं वयाचा दाखला लागत होता. नवरा मुलगा महारुद्र, चोवीस वर्षांचा. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, आणि बायकोवाचून महारुद्रचा कोयता अर्धाच होता.

“आमी सहा म्हैने फडावर, तू हितं एकली,” केशरबाई म्हणाल्या. “जिवाला लय घोर लागतो, बाई. मला बी तेराव्या वर्षीच दिलं हुतं.”

सृष्टी कागद घेऊन तडक सरांच्या घरी गेली. सरांनी तो हातात घेतला नाही.

“तुझे वडील चारदा आले. पाया पडले माझ्या. मला बी ह्याच गावात राहायचंय, सृष्टी. लग्नानंतर बी शिकता येतं.”

“माझं खरं वय तुमाला ठाऊक होतं, सर?”

“होतं.”

चुकून झालं असं ते म्हणाले असते, तर तिनं डोळे मिटून मानलं असतं. आई-बापांनी भीतीपोटी फसवलं होतं. पण सरांना कसली भीती होती?

गावातले बालविवाह रोखायचं काम ग्रामसेविका अपेक्षा मॅडमकडं होतं; सोमवारी तिनं तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. लग्न थांबलं आणि चौकशी लागली. आणि गाव उलटलं. पारावर, गिरणीत, नळावर एकच बोलणं, की या पोरीनं देवमाणसाचं वाटोळं केलं. पोरीचं काय होणार होतं, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. रामप्रसाद तिच्याशी बोलेनासे झाले आणि अंगणात शिकायला येणारी पोरंही बंद झाली.

चौकशीत सृष्टीचा जबाब व्हायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी सर स्वतः दारात आले.

“जीवनच्या हातून चूक झाली असं सांग,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “त्याचं काय जायचं न्हाई, माझी नोकरी वाचंल. अक्षर न् अक्षर मी शिकवलंय तुला, सृष्टी.”

सृष्टीचे डोळे भरून आले.

“म्हणून तर वाचले, सर,” ती म्हणाली.

सर ओट्याखाली तसेच उभे राहिले. मास्तर दारात आले की आधी पाण्याचा तांब्या पुढं करायचा, ही त्या घराची रीत. पण केशरबाई लेकीच्या मागं उभ्या होत्या, आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.