अकरा हिरव्या बाटल्या

संक्रांतीचं वाण म्हणून शेवंतीनं हिरव्या बाटल्या आणल्या. पाण्याच्या, सगळ्या एकसारख्या.

"जिला पानीच पिऊ देत न्हाईत तिला बाटली? वा गं ताई!" दुर्गा हसली.

काशीमीऱ्याच्या त्या गोदामात अकराजणी पार्सलं भरायच्या. माल सातासमुद्रापलीकडच्या कंपनीचा, तहान इथल्या बायांची. टॉयलेटला सहा मिनिटं. सातव्याला हातातला स्कॅनर लाल होई आणि नाव वर साहेबांकडे जाई. म्हणून बाया पाणीच पीत नसत.

त्या रविवारी सिल्व्हर पार्कातल्या शेवंतीच्या खोलीत हळदीकुंकू झालं आणि अर्जही लिहिला गेला : पाणी प्यायला, टॉयलेटला पुरेसा वेळ द्या. सह्या गोल केल्या, रांगोळीच्या कडेसारख्या. पहिली कुणी नाही, शेवटची कुणी नाही. शेवंतीच्या नवऱ्याचं गॅरेज बंद पडलं होतं, घर तिच्या एकटीच्या पगारावर. पुढारी म्हणून नाव आलं की नोकरी गेलीच.

शेवंतीनं ओवी धरली :

*वाण वाटीते बायांनो, उणं-दुणं नाही काही*
*जिच्या तिच्या ओटीमंदी माया सारखीच राही*

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची समिधा दारात. गोदामातली टीम लीडर. दारी आलेल्या सवाशिणीला कोण परत पाठवतं? दुर्गानं अर्ज तिळगुळाच्या ताटाखाली सरकवला. शेवंतीनं समिधाला हळदीकुंकू लावलं, बारावी बाटली तिच्या हातात दिली. समिधाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला कुणी बोलवत नाही हो, ताई."

सोमवारी अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला.

"ये किसका आयडिया है?"

"तान लागली की मानूस पानी पितं," दुर्गा म्हणाली. "त्याला कसली आयडिया, सायेब?"

साहेबांनी कागद फिरवून फिरवून पाहिला. गोलाला टोक सापडेना.

बाटली आत नेता येत नाही, गेटवरच्या ट्रेमध्ये ठेवावी लागते. सुट्टीच्या वेळी साहेब तिथे थांबले. ट्रेमध्ये अकरा हिरव्या बाटल्या ओळीनं उभ्या.

"ये क्या, युनिफॉर्म है?"

"नाही सर, वाण आहे," समिधा हातातली आपली बाटली दाखवत कौतुकानं म्हणाली. "शेवंतीताईंकडे हळदीकुंकू होतं ना काल! मलाही दिलीय."

बाया जागच्या जागी थिजल्या. समिधा एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. "काय झालं? मी काय बोलले?"

मंगळवारी सकाळी शेवंतीनं कार्ड लावताच गेटवरचं यंत्र लाल झालं.

"सिस्टीम में नाम नहीं है, दीदी," वॉचमन खाली बघत म्हणाला.

दहाजणी आत गेल्या. ट्रेमध्ये आज एकही हिरवी बाटली नव्हती. दुर्गा वळली, थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "चल गं, उशीर होईल." तीही गेली.

शेवंती हायवेच्या कडेला उभी राहिली. ट्रक जात होते. आज मिनिटं मोजणारं कुणी नव्हतं. तिनं बाटली उघडली, ओठांना लावली, दोन घोट घेतले आणि सवयीनं झाकण लावून टाकलं.